घाटासाठी टर्बो निवडताना

ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके दोन घाटांच्या तोंडाशी आहेत. शहापूर, आटगाव, खर्डी, कसारा असं वर निघालं की थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, चढून माणूस इगतपुरीला पोचतो. मुरबाडहून सरळगाव आणि टोकावडे मागे टाकलं की माळशेज सुरू होतो आणि पलीकडे जुन्नर तालुका लागतो. मधल्या सखल भागात भातसा, काळू, शाई या नद्यांची खोरी, भाताची खाचरं आणि वीटभट्ट्या. गावात शिरलं की गतिरोधक, गावाबाहेर पडलं की वळणं, आणि वळणं संपली की चढ. अशा भागात गाडी चालवणाऱ्याने इंजिनाला मोठा टर्बो बसवायचा ठरवला, तर त्याने काय पाहावं आणि कोणत्या क्रमाने पाहावं, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

गॅरेजमध्ये येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकाच ठिकाणापासून सुरू होतो : "किती बीएचपी निघेल?" सेकंडहँड घेतलेली ऑक्टाव्हिया असो, पोलो जीटी असो, जपून ठेवलेली पुंटो अबार्थ असो किंवा नवी नेक्सॉन, विचारणाऱ्याच्या मनात एक आकडा पक्का असतो. तो आकडा इंजिनाच्या अगदी वरच्या टोकाला, ६,००० आरपीएमच्या आसपास निघतो. माळशेजच्या वळणातून बाहेर पडताना इंजिन असतं १,८०० ते २,५०० आरपीएमवर. आकडा एकीकडे आणि गाडीचं रोजचं जगणं दुसरीकडे, ही विसंगती मला फार खुपते, कारण तिच्यापायी चांगली इंजिनं आणि चांगले पैसे दोन्ही वाया जातात. टर्बो निवडणं म्हणजे इंजिनाच्या कोणत्या आरपीएमला हवा हवी आहे ते ठरवणं. ते ठरवायचं असेल तर रस्ता आधी बघावा लागतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया हाच आहे.

आपल्या भागाला टर्बो नवा नाही. तो आला डिझेलच्या वाटेने. मुंबई-नाशिक हायवेवरच्या गॅरेजांतून ट्रक आणि टेम्पोचे टर्बो उघडणारे मिस्त्री पूर्वीपासून आहेत. १९९८ साली टाटाची सफारी टर्बो डिझेल घेऊन आली, २००२ मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ आली. स्कॉर्पिओ तयार होते नाशकात आणि महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे इगतपुरीला, म्हणजे कसारा घाट संपताच. "गाडी चढाला ओढत नाही", "पिकअप मेला", "टर्बो सीटी मारतोय", "कोअर गेला", "टर्बो ऑइल फेकतोय" ही भाषा आपल्या मिस्त्रींच्या तोंडी रुळलेली आहे आणि ती अचूक आहे. सीटीचा सूर बदलला की बेअरिंग संपत आलं किंवा होज कुठेतरी फाटला, हे त्यांना कानाने कळतं. हे ज्ञान मोलाचं आहे आणि या पुस्तकाने ते पायाशी धरलं आहे.

पण डिझेलचे सगळे आडाखे पेट्रोलला लागू पडत नाहीत. डिझेल इंजिनात हवा जास्त झाली तर बिघडत नाही. धूर कमी होतो, इतकंच. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं प्रमाण राखावंच लागतं, आणि दाब किंवा उष्णता हाताबाहेर गेली की ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. एक्झॉस्टची उष्णताही पेट्रोलला अधिक. टर्बाइनच्या तोंडाशी ती ९५० अंशांच्या वर जाऊ शकते. डिझेलवर चालून गेलेली ढिलाई पेट्रोलवर पिस्टन फोडते.

यंत्राची ओळख थोडक्यात करून देतो. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं. एक चाक एक्झॉस्टच्या वायूने फिरतं, ते टर्बाइन. दुसरं बाहेरची हवा ओढून दाबतं, तो कॉम्प्रेसर. मधल्या दांड्याला तेलाच्या पातळ थराचा आधार, आणि वेग मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांचा. चाकं, दांडा आणि बेअरिंग मिळून होतो तो कोअर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आधी विमानं आणि जहाजं, मग ट्रक असा तिचा प्रवास झाला. पेट्रोल मोटारीत ती १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल आणि शेव्हरले यांच्या गाड्यांतून आली, १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो काढली, आणि १९७७ मध्ये रेनॉने टर्बो इंजिन थेट फॉर्म्युला वनच्या मैदानात उतरवलं. त्या सुरुवातीच्या गाड्यांची एक खोड सगळ्यांना आठवते. पाय दाबला तरी काही क्षण काहीच होत नसे आणि मग एकदम सगळी ताकद अंगावर येत असे. सपाट ट्रॅकवर सराव झालेला चालक ते सांभाळतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या डांबरावर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना तसं होणं मला कोणाच्याही वाट्याला यावंसं वाटत नाही.

महाराष्ट्राचा या गोष्टीत वाटा मोठा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. स्कोडाची ऑक्टाव्हिया छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडली जाऊ लागली आणि तिच्या आरएस या टर्बो पेट्रोल अवताराने २००४ पासून आपल्याकडच्या एका पिढीला वेड लावलं. चाकणला फोक्सवॅगनची पोलो तयार होत असे. २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयने १.२ लिटरच्या इंजिनातून १०५ पीएस काढून दाखवले. रांजणगावच्या फियाट कारखान्यातून २०१५ मध्ये पुंटो अबार्थ बाहेर पडली : १.४ लिटर टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन-मीटर, किंमत दहा लाखांच्या आत. त्याच रांजणगावात टाटाची नेक्सॉन तयार होते. आपल्या भागात ज्या टर्बो पेट्रोल गाड्या अपग्रेडसाठी येतात, त्यांतल्या बऱ्याच अशा घाटापलीकडच्या कारखान्यांत जन्मलेल्या आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उदाहरणासाठी ऑक्टाव्हिया आरएस २३० घेतो, कारण ती आपल्याकडे २०१७ मध्ये आली, तिचे आकडे सर्वज्ञात आहेत आणि तिच्यासाठी मोठा टर्बो सहज मिळतो. दोन लिटरचं इंजिन, २३० पीएस, आणि ३५० न्यूटन-मीटरचा टॉर्क जवळजवळ १,५०० आरपीएमपासून ४,६०० पर्यंत सपाट. यात कंपनीचा टर्बो असतो आयएचआयचा आयएस२०. याच इंजिनघराण्याच्या गोल्फ आरमध्ये आयएस३८ हा मोठा टर्बो असतो, तो ऑक्टाव्हियाला बसतो, आणि म्हणून जगभर हा बदल लोकप्रिय आहे. मालकाला हवेत ३०० बीएचपी. मग हिशेब कसा करायचा?

इंजिनाची क्षमता १,९८४ सीसी. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. ६,००० आरपीएमला, भरण्याची कार्यक्षमता ९५ टक्के धरली, तर मिनिटाला साधारण ५.६५ घनमीटर हवा इंजिनात जाते. मॅनिफोल्डमध्ये एकूण दाब २.२ बार, म्हणजे गेजवर १.२ बार बूस्ट, आणि हवेचं तापमान ५० अंश धरलं, तर ही हवा भरते मिनिटाला १३.४ किलो, म्हणजे साडेएकोणतीस पौंडांच्या आसपास. पेट्रोल इंजिनासाठी ढोबळ नियम असा की मिनिटाला एक पौंड हवेमागे दहा बीएचपी. म्हणजे आपले ३०० आले. बूस्टचा आकडा सांगून टर्बो मागणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगत असतो. हवा किती किलो गेली ते महत्त्वाचं, आणि किलो ठरतात दाब व तापमान या दोन्हींवर.

हाच हिशेब मे महिन्यात करून बघा. मुरबाड-शहापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. दाबलेली हवा थंड करणारा छोटा इंटरकूलर तापून बसला आणि मॅनिफोल्डमधली हवा ५० ऐवजी ७० अंशांवर गेली, तर त्याच १.२ बार बूस्टला हवा १२.६ किलोवर येते. सतरा-अठरा बीएचपी गेले, आणि नॉकिंगच्या भीतीने इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, स्पार्क मागे ओढतो तेव्हा आणखी जातात. बूस्ट-गेजचा काटा मात्र जिथल्या तिथे असतो. म्हणून या पुस्तकात इंटरकूलरचं प्रकरण टर्बोच्या प्रकरणाआधी ठेवलं आहे. हा क्रम मी जाणूनबुजून ठेवला आहे आणि वाचकाने तो मोडू नये अशी विनंती आहे.

टर्बोची निवड खऱ्या अर्थाने होते ती कॉम्प्रेसर मॅपवर. चांगली कंपनी प्रत्येक कॉम्प्रेसरचा असा नकाशा देते. आडव्या रेषेवर हवेचा प्रवाह, उभ्या रेषेवर दाबाचं गुणोत्तर, आणि मध्ये एकात एक बसलेली कार्यक्षमतेची वर्तुळं. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. विहिरीवर मोटर बसवताना तो किती एचपी एवढंच विचारत नाही. पाणी किती उंच चढवायचं आणि किती हवं, म्हणजे हेड आणि डिस्चार्ज, हे दोन्ही सांगतो, आणि दुकानदार त्या दोन आकड्यांना जुळणारा पंप काढून देतो. जास्त डिस्चार्जचा पंप चुकीच्या हेडवर लावला तर बिल वाढतं आणि पाणी पुरत नाही. कॉम्प्रेसरचंही नेमकं हेच आहे.

नकाशाची डावी कड म्हणजे सर्ज-रेषा. तिच्या डावीकडे प्रवाह इतका कमी आणि दाब इतका जास्त असतो की हवा उलटी फिरते, दांडा हादरतो, थ्रस्ट बेअरिंग मार खातं. उजवी कड म्हणजे चोक. तिच्या पलीकडे टर्बो कितीही फिरला तरी हवा वाढत नाही, फक्त तापते. आपला ६,००० आरपीएमचा बिंदू नकाशावर ठेवा. फिल्टरमधली आणि इंटरकूलरमधली दाबाची घट धरून दाबाचं गुणोत्तर २.४ च्या घरात येतं. आता त्याच इंजिनाचा २,००० आरपीएमचा बिंदू ठेवा. गुणोत्तर २ मागितलं तर प्रवाह निघतो फक्त नऊ पौंडांच्या आसपास. मोठ्या कॉम्प्रेसरच्या नकाशावर हा बिंदू सर्ज-रेषेच्या डावीकडे पडतो. याचा अर्थ सरळ आहे : त्या आरपीएमला तो टर्बो तेवढा बूस्ट देऊच शकत नाही, मॅपिंग कोणीही केलेलं असो. माळशेज चढायचा असतो तो याच बिंदूवर.

कार्यक्षमतेची वर्तुळंही नुसती शोभेची नाहीत. बाहेर ४० अंश असताना २.४ गुणोत्तराने दाबलेली हवा, ७० टक्के कार्यक्षमतेच्या वर्तुळात असेल तर १६५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. ६० टक्क्यांच्या वर्तुळात असेल तर १८५ च्या पुढे. दोन्हींचा बूस्ट सारखा, पण दुसऱ्या बाबतीत इंटरकूलरवर वीस अंशांचा जादा बोजा.

आणि मग उंची. सखल भागात हवेचा दाब १.०१ बार असतो. ७०० मीटरवर, माळशेजच्या माथ्यावर, तो ०.९३ च्या आसपास उतरतो. आजचे ईसीयू मॅनिफोल्डमधला एकूण दाब राखायला बघतात, म्हणजे कमी झालेला दाब टर्बोला जास्त फिरून भरून काढावा लागतो. आपल्या उदाहरणात गुणोत्तर २.४ वरून २.६ वर जातं आणि दांड्याचा वेग वाढतो. सपाटीवर नकाशाच्या काठावर बसवलेला टर्बो घाटमाथ्यावर काठाबाहेर जातो. मुंबईच्या ट्यूनरने समुद्रसपाटीला डायनोवर काढलेली फाइल आपल्या गाडीत टाकताना हा फरक विचारून घ्यावा. वरच्या टोकाला किमान दहा टक्के मोकळीक ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

टर्बाइनच्या बाजूला ए/आर हा आकडा बघायचा. हाऊसिंगचा मार्ग अरुंद असेल तर वायू जोरात आदळतो, टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट कोंडतो. रुंद असेल तर उलट. गॅरेटच्या जी२५-५५० सारख्या टर्बोला ०.७२ आणि ०.९२ असे पर्याय मिळतात. दोन लिटरच्या इंजिनाला घाटासाठी घ्यायचा झाला तर ०.७२ पलीकडे जाण्याचं कारण मला दिसत नाही. बॉल बेअरिंगचा कोअर साध्या बेअरिंगपेक्षा लवकर फिरू लागतो. पैसे असतील तर ते मोठ्या चाकात घालण्यापेक्षा इथे घालावेत.

गिअरबॉक्सचा विचार लोक शेवटी करतात, तो आधी व्हायला हवा. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, डीक्यू२००, त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. कंपनीने त्या इंजिनाचा टॉर्क बरोबर २५० वर आणून ठेवला आहे, तो याच मर्यादेत. पोलो जीटी टीएसआयलाही हाच डबा. अशा गाडीला मोठा टर्बो म्हणजे क्लच पॅकचं बिल हातात घेऊन फिरणं. आरएसचा सहा गिअरचा वेट क्लच डबा दमदार आहे, तरी तिथेही हिशेब सुटत नाही. ६,००० आरपीएमला ३०० बीएचपी काढायला टॉर्क लागतो ३५६ न्यूटन-मीटर, म्हणजे कंपनीच्या आकड्यापेक्षा जेमतेम जास्त. चांगला ट्यूनर ३५० चा टॉर्क वरपर्यंत टिकवून ३०० गाठतो. घाईचा ट्यूनर ३,००० आरपीएमला साडेचारशेचा उंचवटा काढतो, कारण चालवून बघताना तो झटका मालकाला आवडतो. कनेक्टिंग रॉड आणि क्लच त्या झटक्याने मरतात.

इंधन बदललं आहे, तेही लक्षात घ्यावं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं आणि वाफ होताना हवा थंड करतं, हा टर्बोवाल्याचा फायदा. पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच ताकदीला जास्त इंधन ओतावं लागतं. मूळ पंप आणि इंजेक्टर काठावर असतील तर मोठा टर्बो बसवल्यावर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणावर पूर्ण बूस्ट म्हणजे वितळलेला पिस्टन. जुनी फाइल साध्या पेट्रोलवर काढलेली असेल तर तिच्यावर विसंबू नये. फ्युएल प्रेशरचा लॉग पाहिल्याशिवाय टर्बोची ऑर्डर देऊ नये.

आपल्या भागाच्या दोन खास गोष्टींना पुस्तकात स्वतंत्र जागा दिली आहे. पहिली धूळ आणि पाऊस. उन्हाळ्यात खडीच्या डंपरमागे आणि वीटभट्टीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला जाळीचा उघडा फिल्टर लावणं म्हणजे कॉम्प्रेसरवर वाळूचा मारा करणं. आणि थंड हवेच्या हौसेने फिल्टर बंपरखाली उतरवला, तर जुलैत ओढ्यावरच्या पहिल्याच पुलावर इंजिन पाणी पितं. पाणी दबत नाही, रॉड वाकतो. बंद डब्यातला, उंचावरचा, मोठ्या कागदी फिल्टरचा इनटेक दिसायला साधा असतो, पण इथे तोच बसवावा.

दुसरी गोष्ट माळशेजच्या माथ्यावर दर पावसाळ्यात दिसते. पूर्ण घाट बूस्टवर चढून आलेली गाडी धबधब्याशी थांबते आणि त्याच क्षणी इंजिन बंद होतं. टर्बाइन लाल, तेलाचा प्रवाह थांबलेला. बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी जळून कोळसा होतं. नव्या पेट्रोल गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा छोटा पंप असतो, तो बराच भार घेतो. तरीही अपग्रेड केलेल्या गाडीत शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवावा आणि थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू राहू द्यावं. सिंथेटिक तेल, आणि ते कंपनीच्या अंतराच्या निम्म्यात बदललेलं. टर्बोचं आयुष्य त्याच्या नावापेक्षा या सवयींवर जास्त अवलंबून असतं.

टर्बो हातात आला की तो कसा बघायचा, हे मी सविस्तर लिहिलं आहे, कारण बाजारात नक्कल माल पुष्कळ. नट अंगठा आणि तर्जनीत धरून दांडा आतबाहेर ढकला : हाताला हालचाल जाणवता कामा नये. आडवा हलवला तर साध्या बेअरिंगच्या कोरड्या टर्बोत थोडी हालचाल असते, ती तेलाच्या थराची जागा. पण पातं हाऊसिंगला कुठेही टेकता कामा नये. मग पात्याची पुढची कड उजेडात धरा. धूळ खाल्लेल्या पात्याची कड बोथट आणि खरबरीत लागते. कोपरा उडालेला असेल तर विषय तिथेच संपला. चाकाची पाठ आणि नट बघा. खऱ्या कोअरवर बॅलन्सिंग करताना धातू थोडा घासून काढलेला असतो, त्याच्या खुणा चकचकीत दिसतात. जिथे एकही खूण नाही, तिथे तो कोअर बॅलन्स झाला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. दोन लाख फेऱ्यांना ग्रॅमच्या हजाराव्या भागाचा फरकही बेअरिंगला जाचतो. शेवटी कॉम्प्रेसरच्या तोंडात बोट फिरवा. तेलाची पातळ झाक चालते, ओघळ चालत नाही.

कायद्याबद्दल गुळमुळीत बोलणं मला पटत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी हाच बदल पुढे करते, आणि तेव्हा नुकसान फक्त मालकाचं राहत नाही. समोरच्या दुचाकीवाल्याच्या घरावरही ते कोसळतं. म्हणून जास्त ताकदीच्या अपग्रेडची प्रकरणं ही स्पर्धेसाठी, ट्रॅकसाठी आणि बंद धावपट्टीसाठी आहेत. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' सारख्या ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. मोठ्या टर्बोची खरी जागा तिथे आहे.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. तेव्हापासून "आता रस्ता आहे, मग ताकद का नको" हा युक्तिवाद रोज ऐकू येतो. तिथे गाडीला मर्यादा आहे ताशी १२० ची. कंपनीच्या टर्बोवरची कोणतीही ऑक्टाव्हिया, पोलो किंवा नेक्सॉन ती सहज गाठते आणि तासन्‌तास राखते. त्या रस्त्यासाठी लागतात चांगले टायर, चांगले ब्रेक आणि झोप झालेला चालक.

मग रोज शहापूर-मुरबाड, महिन्यातून एकदा माळशेज किंवा कसारा, असं जगणाऱ्या आरएसच्या मालकाने काय करावं? माझा कौल स्वच्छ आहे. आयएस२० काढू नये. घाटाला लागणारा टॉर्क तो १,५०० आरपीएमपासून देतो, आणि आयएस३८ ती खालची जागा सोडून वरची जागा घेतो, जी आपल्या रस्त्यांवर वापरायला मिळत नाही. गाडी दमल्यासारखी वाटत असेल तर इंटरकूलर, होज, प्लग, कॉइल, वेस्टगेट आणि फिल्टर तपासावेत. खालच्या पिकअपची तक्रार पुष्कळदा तिथेच मिटते. टर्बो खरोखर संपलाच असेल तर त्याच मापाचा, बॅलन्स केलेला अस्सल टर्बो घ्यावा. ज्याला ट्रॅकवर उतरायचं आहे त्याने आयएस३८ किंवा जी२५ जरूर घ्यावा, पण मग ती गाडी ट्रॅकची झाली हे मान्य करून, गिअरबॉक्स, इंधन आणि ब्रेक यांच्यासह पूर्ण खर्च मांडून.

पुस्तकातले हिशेब वही-पेन आणि मोबाइलचा कॅलक्युलेटर यांवर होतील असेच ठेवले आहेत. मिस्त्री आणि मालक यांनी ते एकत्र बसून करावेत ही माझी मनापासूनची इच्छा आहे, कारण मालकाला रस्ता माहीत असतो आणि मिस्त्रीला इंजिन. पहिल्या प्रकरणाकडे जाण्याआधी एवढं करा : गाडीचा इंजिन कोड उतरवून घ्या, ओबीडी पोर्टला स्कॅनर लावून तुमच्या नेहमीच्या चढावर आरपीएम, बूस्ट, इनटेकचं तापमान, इग्निशन टायमिंग आणि फ्युएल प्रेशर यांचा लॉग काढा, आणि तो कागद टेबलावर ठेवूनच पान उलटा.